काळोबाची परतीची वाट

एव्हरशाईन सिटी, वसई पूर्व
२ जानेवारी २०२५

ती. जयवंती आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर तू 'जेवलास का'च्या पुढे जात नाहीस, म्हणून पत्र. लहानपणी बाबा मला 'काळोबाची सफर' वाचून दाखवायचे. रहाटाला जुंपलेला तो रेडा डोळ्यांवर झापड घेऊन विहिरीभोवती फिरतो आणि गावंच्या गावं ओलांडतोय असं समजतो. त्यावर आमच्या बँडने गाणं केलंय. तुझ्या शेजारच्या मेघनाच्या फोनवर पाठवलंय.

पण एक घोळ आहे. आमच्या ड्रमवाल्या रॉकीने ते जुनं पुस्तक मिळवलं. शेवटच्या पानावर झापड निघते आणि काळोबा विहिरीपाशीच असतो. बाबांच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टीत काळोबा राजोडीच्या समुद्रावर पोचायचा, तो समुद्र पुस्तकात नाहीच. माझं तर शेवटचं कडवंच ते आहे. रॉकी म्हणतो, पुस्तकाचं नाव लावायचं तर कडवं काढ. एकोणीस तारखेला राजोडीलाच गायचंय. विचारायला बाबा नाहीत. तू सांग.

लोभ आहे, तो डब्यातूनही येऊ दे.
तुझा उमंग

होळी, वसई
९ जानेवारी २०२५

चि. उमंग यास,
अनेक आशीर्वाद.

गाणं लागलं तेव्हा मी वाल सोलत होते. हात थांबले. रॉकीने ती करकर कुठून आणली? मी उठून विहिरीकडे पाहिलं. तिथे रहाट जाऊन पंप आलाय, हे ठाऊक असून पाहिलं. तू फार चांगलं गातोस. तोंडावर म्हटलं नसतं.

झापड निघाली की तू हुंदके देऊन रडायचास. म्हणून दादा ते पान यायच्या आधीच पुस्तक मिटायचा आणि मनाने पुढे सांगायचा. समुद्र त्याचा आहे. काढू नकोस.

पण तुझं गाणं समुद्रावर थांबतं, कारण तिथवर तू झोपलेला असायचास. दादा थांबत नसे. मी म्हणायचे, पोर झोपलं, पुरे कर. तो म्हणायचा, काळोबा किनाऱ्यावर एकटा उभा आहे गं, त्याला घरी आणतो, मग उठतो.

काळोबा पाणी चाखतो. खारट. हे वाडीला चालायचं नाही, म्हणतो आणि वळतो. झापड नसताना, आपल्या पायांनी घरी येतो. आपल्या विहिरीचं पाणी पितो.

डबा मेघनाबरोबर देते. रॉकीलाही दे.
आत्या

एव्हरशाईन सिटी
२० जानेवारी २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

काल गायलो. फलकावर पुस्तकाचं नाव, त्याखाली बाबांचं नाव, 'परतीची वाट: भालचंद्र'. ते लिहायचं रॉकीनेच सुचवलं. तुझ्या डब्यानंतर तो तुझ्याच बाजूचा झालाय.

नवं कडवं शेवटी घेतलं. तोवर ऊन उतरलं होतं, लोक उठू लागले होते. पुढे एक मूल आईच्या खांद्यावर झोपलं होतं. रॉकीने खूण केली, आवरतं घे.

मी काळोबाला घरी आणलं, मग थांबलो.

तुझा
उमंग