अकरा एक

२१ ऑक्टोबर
लग्नपत्रिका छापून आल्या. लाल, जाड, अत्तर मारलेल्या. वर गणपती. त्याच्या पायाशी सोनेरी आकड्यांत ११११११११११११. ओळ अशी: 'ही संख्या भागत नाही. आमचं नातंही!'

नाही, मी एक जास्त लिहिला. ११११११११११११ नव्हे, १११११११११११. मोजावं लागतं, इतकी ओंगळ आहे.

कल्पना भूपेंद्रची, माझ्या होणाऱ्या नवऱ्याची. धुळ्यात त्याचे गणिताचे क्लासेस. लग्न अकरा तारखेला, म्हणून अकरा एक. अकरा अविभाज्य, तर अकरा एकांची संख्याही अविभाज्य – ही चूक मी शिकवते त्या कॉलेजात पहिल्या वर्षाची मुलं करतात.

ती भागते. २१६४९ गुणिले ५१३२३९.

२२ ऑक्टोबर
माझे वडील, नाना, पहिली पत्रिका पद्मालयाच्या गणपतीपुढे ठेवून आले. खोट्या संख्येवर कुंकू.

२४ ऑक्टोबर
भूपेंद्र जळगावला आला होता. दोन्ही अवयव लिहून त्याच्यापुढे ठेवले. वाटलं, ओशाळेल. त्याला माहीत होतं! पहिल्यापासून.

“कोण भागाकार करायला बसलंय, मॅडम? क्लासच्या भिंतीवर तीच संख्या आहे. पोरं पाठ करतात. एकानं विचारलं नाही आजवर.”

मग केळ्याचे वेफर्स खाल्ले. तेलकट बोटं पत्रिकेला पुसली.

चुकला असता तर समजावलं असतं.

२५ ऑक्टोबर
जेवण गेलं नाही.

२७ ऑक्टोबर
नानांना म्हटलं, हे लग्न नको. त्यांनी कारण विचारलं. मी संख्या सांगितली. माणसाबद्दल बोलायचं होतं, जीभ उचलली नाही.

नानांनी विचारलं, न भागणारी कोणती?

एकोणीस एकांची. दोन एकांनंतर थेट तीच. मधल्या सगळ्या भागल्या जातात. सांगताना क्षणभर बरं वाटलं. कुणी छापो न छापो, ती तशीच आहे.

“मग आठ एक वाढवू,” नाना म्हणाले.

देवापुढे ठेवलेली पत्रिका बदलायला निघाले! धुळ्याला फोन लावला. भूपेंद्र हसला म्हणे. वाढवा म्हणाला, जास्त आकडे जास्त भारी दिसतात. पोरीचं डोकं शांत झालं म्हणजे झालं.

पोरीचं डोकं. शी!

३० ऑक्टोबर
शेजारच्या पुष्पाबाई येऊन गेल्या. एवढ्याशा आकड्यावरून कुणी रुसतं का, नानांना म्हणाल्या. दिपमाला शिकली जास्त, हेच चुकलं. म्हणजे गल्लीत पोचलंय.

२ नोव्हेंबर
नव्या पत्रिका आल्या. एकोणीस एक. मोजले. बरोबर आहेत.

नाना समोर बसले, घरच्या अहिराणीवर आले. “आते काय खोट शे यामा?”

“संख्येत काही नाही, नाना.”

त्यांनी पत्रिकांचा गठ्ठा बाजूला सारला. मग फोन आमच्या दोघांच्या मध्ये ठेवला.

“त्याले तू सांगस का मी सांगू?”