गळ्यातल्या चार गाठी

१९ जानेवारी १९७६, कराड
पुन्हा कापणार! तोच गळा! दोन वर्षांपूर्वी एक गाठ काढली, तरी रक्तातलं कॅल्शियम चढलेलंच. गळ्यात अशा चार चिमुकल्या गाठी असतात म्हणे, पॅराथायरॉइड नावाच्या. बिघडल्या की हाडांतला चुना रक्तात ओढतात — म्हणून हाडं ठणकतात, मुतखडे होतात, सारखं पडून राहावंसं वाटतं. म्हणजे मी आळशी नाही, आजारी आहे! केवढा आनंद! सासूबाईंना तीनदा ऐकवलं.

२ फेब्रुवारी, सांगली
उद्या ऑपरेशन. पुण्याचे सर्जन आलेत. म्हणाले, दुसऱ्या खेपेला जुन्या व्रणातून वाट काढायची, आवाजाची नस कधीकधी दुखावते. चौथीच्या वर्गात साठ पोरं! मास्तरणीकडे आवाजाखेरीज असतं काय? भीती वाटतेय. लिहूनच टाकते — फार भीती वाटतेय.
धाकटा भाऊ कृष्णात पलटणीतून रजेवर आलाय. म्हणाला, "आक्के, तुजा आवाज गेला तर दाजी पेढं वाटतील बग." ह्यांनी त्याच्याकडे असं काही पाहिलं! मग तिघंही हसत सुटलो. सिस्टर रागावली.

४ फेब्रुवारी
जिवंत!

५ फेब्रुवारी
कालचं लिहायलाच हवं. सर्जन आवाज तपासायला आले. ह्यांच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "बाई, यांचं नाव सांगा बघू." आणि सासूबाई उशाशी उभ्या! मी गप्प. "प्रयत्न करा. मोठ्यानं." मी मान वळवली. डॉक्टरांचा चेहरा पडला. ह्यांचे डोळे भरून आले — चौदा वर्षांत पहिल्यांदा!
तेवढ्यात कृष्णात खो-खो हसायला लागला. "आवं डाक्टरसायेब, सासूम्होरं नवऱ्याचं नाव कशी घेईल ती? माजं इचारा की!"
"कृष्णात!" मी ओरडलेच. घोगरा, पण आवाज! माझा आवाज! डॉक्टर मटकन स्टुलावर बसले. सासूबाई म्हणाल्या, "माजी सून लय गुणाची." हे मात्र बाहेर जाऊन तोंड धुऊन आले.

६ फेब्रुवारी
ओठांना मुंग्या, बोटांना मुंग्या! मी घाबरले, डॉक्टर खूश — कॅल्शियम उतरलं, उपाशी हाडं आता ओढून घेताहेत. शिरेतून कॅल्शियमचंच इंजेक्शन दिलं, अंगभर ऊब पसरली. उरलेल्या तिन्ही गाठी सुजलेल्या निघाल्या. अडीच काढल्या, अर्धी ठेवली. आता अर्ध्या गाठीवर संसार!
चारही बिघडल्या म्हणजे रक्ताच्या नात्यातही असू शकतं, असं डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला कधी खडा?" कृष्णात छाती काढून म्हणाला, "दोन येळा! वाळवंटात पानी कमी पडतंय, दुसरं काय!" त्याचंही रक्त घेतलं. दिवसभर दंड चोळत मला बोलून दाखवत होता.

१० फेब्रुवारी
नऊ! कॅल्शियम नऊ! साडेदहाच्या आत असलं की झालं म्हणे. टाकेही काढले. ह्यांना दवाखान्याचा जिना चढून दाखवला. दोनदा. तिसऱ्यांदा सिस्टरनं दंडाला धरून खाटेवर आणलं.

१२ फेब्रुवारी
कृष्णातचा रिपोर्ट आला. साडेबारा.
त्याला आज एकही थट्टा सुचली नाही. कागदाची घडी घालत, उघडत बसला. मग हळूच म्हणाला, "आक्के, लय दुकतं का गं?"
"दुकतं," मी म्हटलं. "पन मी हाय की रं उशाला."