'जातो' हा शब्द रद्द होऊन मिळण्याबाबत

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
चर्च-इमारत दुरुस्ती व सांस्कृतिक देवाणघेवाण कक्ष,
धर्मप्रांत कार्यालय.

विषय : पाहुण्याच्या तोंडून गेलेला 'जातो' हा शब्द रद्द होऊन त्याजागी 'येतो' मिळण्याबाबत.
संदर्भ : 'काम पूर्ण, देवाणघेवाण समाधानकारक' असे आपले पत्र.

महोदय,

१. अर्जदार हा या चर्चचा राखणदार असून मागच्या खोलीत एकटा राहतो. परदेशातून सेवाकार्यासाठी आलेल्या तुकडीने छताचे कुजलेले वासे बदलले, भिंतींना चुन्याचा गिलावा केला व घंटेस नवा दोर लावला. कामास नाव ठेवायला जागा नाही. अडचण तीच आहे, ती पुढे येईल.

२. तुकडीतील एक वयस्क गवंडी अर्जदाराच्या खोलीत उतरला होता. आपले कार्यालय यास देवाणघेवाण म्हणते. प्रत्यक्षात दोघे संध्याकाळी चहा पीत एकमेकांना अवजारांची नावे सांगत बसत. तो घोरत असे. पत्नी वारल्यापासून खोलीत दुसऱ्याचा आवाज नसल्याने अर्जदारास सुरुवातीला त्यामुळे झोप येत नसे. आता तो घोरत नाही म्हणून येत नाही.

३. पहिल्या सकाळी पाहुणा काही न बोलताच कामावर निघाला. तेव्हा अर्जदाराने त्यास समजावले की आपल्यात घरातून निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. त्याने ते मनावर घेतले. चर्च हाकेच्या अंतरावर असूनही तो रोज उंबऱ्यात थांबून "येतो, दादा" म्हणे, आणि संध्याकाळी चुन्याने माखून खरोखरच येई.

४. निरोपसमारंभाच्या तालमीत आपल्या कार्यालयाच्या दुभाषीबाईंनी त्यास चारचौघांत दुरुस्त केले. तुम्ही जाताय तर 'जातो' म्हणा, येतो कसले, असे त्यांचे म्हणणे पडले. बाई मराठी भाषा पुस्तकातून शिकल्या असल्याने व्याकरणात कधी चुकत नाहीत. गवंडी पडला सांगितल्याबरहुकूम वागणारा. गाडीत बसण्यापूर्वी त्याने अर्जदाराचे दोन्ही हात धरले आणि अगदी स्वच्छ उच्चारात म्हटले, "जातो, दादा."

तो बाईंचे ऐकून तसे म्हणाला की मनातलेच बोलला, हे अर्जदारास कळेनासे झाले आहे. फादर म्हणतात, परक्या माणसाच्या शब्दावर काय जायचे. परंतु अर्जदाराची पत्नी इस्पितळात जाताना "येते हं" म्हणून गेली. ती आली नाही. तिच्याविषयी तक्रार नाही, कारण तिने शब्द बरोबर वापरला होता, आणि त्या शब्दावर अर्जदाराने आजवर दिवस काढले. या वेळी तेवढेही हाताशी नाही.

५. तरी विनंती की,

(अ) बाईंमार्फत पाहुण्यास चूक कळवून त्याच्याकडून 'येतो' मागवावे. फोनवरही चालेल. फोन फादरांच्या कचेरीत आहे, अर्जदार तिथे बसून राहील.

(आ) ते न जमल्यास 'काम पूर्ण' हा शेरा मागे घेऊन तुकडीस पुन्हा बोलवावे. त्यासाठी दाखवण्यासारखे काही बिघडलेले नाही, हीच वर म्हटलेली अडचण होय. अर्जदाराने छतावर बादलीभर पाणी ओतून पाहिले. थेंब गळाला नाही. आदेश झाल्यास गिलाव्यास एखादा तडा पाडून देण्याची अर्जदाराची तयारी आहे, मात्र मनापासून नाही.

(इ) हेही न जमल्यास चौकशीसाठी कोणालातरी पाठवावे. चहा होईल. येणाऱ्याने निघताना तेवढा योग्य शब्द वापरावा. नुसती रीत म्हणून म्हटला तरी हरकत नाही.

आपला नम्र आणि केव्हाही घरीच असलेला,
(सही)
राखणदार, चर्चमागची खोली
दिनांक : १४ मार्च

सोबत : काही नाही. पाहुणा आपली गिलाव्याची थापी खोलीत विसरला आहे. ती मुद्दामच जोडलेली नाही, कारण जोडल्यास आपले कार्यालय ती टपालाने पाठवून देईल.