पन्नासपट उजेड

४ फेब्रुवारी
आजपासून रोज लिहायचं. उद्या कोणी विचारलं, हे सुचलं कसं, तर डोकं खाजवत बसायला नको.
विषय थोडक्यात: चांदीचे कण, केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढे. प्रकाश पडला की त्यांच्या पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन एका तालात झुलतात. हेच सरफेस प्लाझ्मॉन. अशा कणांशेजारी फ्लोरोसंट रंग ठेवला की तो एरवीपेक्षा कितीतरी जास्त चमकतो. लोकांना दहापट मिळालंय. मी पन्नासपट मिळवणार.
महिनाअखेर कमिटी. पीएचडीला आता मुदतवाढ मिळणार नाही, म्हणाल्या मॅडम, माझ्या गाइड. गेल्या वर्षीही म्हणाल्या होत्या.

५ फेब्रुवारी
चांदी उत्तम झाली. पिवळीधमक; एवढी बारीक झाली की ती अशीच दिसते. रंग थेट कणांवर चिकटवणार.
मॅडम म्हणाल्या, "मध्ये काचेचा पातळ थर दे. रंग अगदी चिकटून बसला तर धातू त्याची सगळी ऊर्जा गिळतो."
मान डोलावली. मॅडमना थिअरी चांगली येते, धाडस कमी. शेगडीच्या जितकं जवळ तितकी ऊब जास्त, एवढं तर कुणालाही कळतं.

८ फेब्रुवारी
सँपल नुसत्या रंगापेक्षाही मंद. चमक मोजायच्या मशीनचा दिवा गेलाय. तक्रार केली.

९ फेब्रुवारी
मेकॅनिक येऊन बघून गेला. दिवा ठणठणीत आहे, म्हणाला. मग माझ्याकडे बघून: "तुम्ही?"

१२ फेब्रुवारी
रंग आणखी घट्ट चिकटवला. आणखी मंद. पाण्यात काहीतरी आहे. किंवा हवेत. किंवा खारूताईत.
खारूताई म्हणजे माझी ज्युनियर. दिवसभर कॉरिडॉरमध्ये शेंगदाणे कुरतडते. आज आली, "दादा, थोडी चांदी द्याल का?" दिली. मन मोठं ठेवावं माणसानं. ती आता मॅडमचं ऐकून प्रत्येक कणाला काचेचा थर देत बसलीय. कणांना स्वेटर! हसू आलं.

१५ फेब्रुवारी
बायकोने दुकानातून रिकामे खोके आणले. कशाला, विचारलं. "असू देत," म्हणाली आणि माझी पुस्तकं भरायला लागली. कमिटीने नाही म्हटलं तर क्वार्टर सोडावं लागेल, हे हिला सांगितलं कुणी? मीच, बहुतेक.
तिला समजावलं की पन्नासपट येणारच आहे.
"आधी एकपट तरी येऊ दे," म्हणाली. शाळेत शिकवणाऱ्यांचं असंच असतं. मार्क द्यायला हात आखडता.

२० फेब्रुवारी, दुपार
त्रेपन्नपट!!!
रंगाची जुनी कुपी आणि माझं नवं सँपल शेजारीशेजारी मोजलं. त्रेपन्नपट. पुन्हा मोजलं नाही, उगाच नजर लागायची.
सासरेबुवांना फोन केला. ते म्हणाले, "वा, जावईबापू! म्हणजे आता लाइटबिल कमी येणार?" सविस्तर समजावलं. ते "हो हो" म्हणत राहिले.
बायकोने खोक्यातून पडदे काढून परत लावले. स्टुलावर उभी राहून गुणगुणत होती. किती दिवसांनी.

२१ फेब्रुवारी
खारूताई: "दादा, तुलनेला कुठला रंग घेतला होता?"
खिडकीतला, म्हणालो.
"उन्हातला?"
एवढंच बोलून ती शेंगदाणे खायला गेली. ऊन लागून तो रंग केव्हाच उडाला होता. ताजा करून मोजला. माझं सँपल त्याच्या एक पंचमांश. भागाकारात खाली शून्याजवळचं काही आलं की वरचा कुणीही मोठा दिसतो.
घरी सांगितलं नाही. पडदे नुकतेच लावलेत. योग्य वेळ बघून सांगेन.

२४ फेब्रुवारी
तत्त्वात बसत नाही, पण माझ्याही कणांना स्वेटर घालून बघितला. गुपचूप, घाईघाईत. कण एकमेकांना चिकटले, तळाशी राखाडी गाळ. म्हणजे दोष स्वेटरच्या पद्धतीतच आहे.

२६ फेब्रुवारी
बायकोला जिन्यात खारूताई भेटली. खारूताईने सहज विचारलं, तुलनेचा रंग उडालेला निघाला, आता दादांचं काय ठरलं? सगळं बाहेर आलं.
बायको ओरडेल म्हणून बचाव तयार ठेवला होता: ऊन, खिडकी, वरच्या मजल्यावरची गळती. ती ओरडलीच नाही. "मला सांगायचंस तरी," एवढंच. मग भांडी घासत बसली. बचाव तसाच राहिला. जेवण गेलं नाही.

२८ फेब्रुवारी, संध्याकाळ
कमिटी झाली. खोलीतले दिवे बंद, अल्ट्राव्हायोलेट दिवा चालू. खारूताईची कुपी निखाऱ्यासारखी पेटली. नऊपट. चांदी माझी, हे मी तीन वेळा सांगितलं. शेजारी माझी कुपी. अध्यक्ष चष्मा सारखा करत म्हणाले, "तुमची कुठे ठेवलीय?"
त्यांच्या नाकासमोर होती.
मग मॅडम बोलल्या. सहा वर्षांत याचं प्रत्येक सँपल विझलंय, न चुकता. चांदीला चिकटलेला रंग किती आणि कसा विझतो, याच्या एवढ्या नोंदी दुसऱ्या कुणाकडे नाहीत. प्रबंधाचं शीर्षक बदला, सहा महिने द्या. कमिटीने मान्य केलं. काचेच्या थराबद्दलचं प्रकरण मात्र खारूताईला दाखवून लिहायचं.
मी म्हणालो, माझा रोख पहिल्यापासून विझवण्याकडेच होता. मॅडमनी खिडकीबाहेर बघितलं.
घरी सांगितलं. बायकोने विचारलं, "म्हणजे क्वार्टर सोडायचं नाही?" नाही, म्हणालो. ती भरलेल्या खोक्यावरच बसली आणि पदराने डोळे पुसत हसत सुटली. मग वडिलांना फोन लावला. "होणार, बाबा, होणार डॉक्टर. नाही, चमकत नाही. विझवलं त्यांनी."
पलीकडून आवाज माझ्यापर्यंत आला. सासरेबुवा विचारत होते, "फुंकर मारून का?"
तिने फोन माझ्यापुढे धरला. मी आंघोळीला गेलो.