पेवातला कंदील

९ मार्च
अकोल्याहून सामान आलं, एकही कपबशी फुटली नाही! चांदूर बाजारजवळच्या या गावात उद्या ग्रामसेविका म्हणून रुजू होईन. घर नाल्याकाठी, सखल जागेत. भोवती संत्र्याची बाग. माझी खोली माडीवर. मालक नत्थुजी आणि दुर्गाबाई, दोघं सत्तरीपुढची. दुर्गाबाईंचं खुब्याचं हाड मोडलंय, अंथरूण खाली जमिनीवरच. पडल्यापडल्या म्हणाल्या, "बाईमानूस आली, आता तं गाव सरळ होते का पाहू." त्यांच्याच खोलीत फरशीखाली जुनं पेव आहे. पूर्वी त्यात ज्वारी साठवत. तीस वर्षं बंद.

१३ मार्च
जमिनीतून गडगड ऐकू येते. विहिरीचं पाणी कोमट झालं. नत्थुजी खूश, आंघोळीचा गॅस वाचला म्हणतात. अमरावतीहून आलेल्या भूशास्त्रज्ञांनी मात्र ज्वालामुखीची शक्यता सांगितली. अठराला सकाळी दहाला एसटी येऊन गाव हलवणार. घरोघरची तयारी माझ्याकडे. मी यादी केली: कागदपत्रं, औषधं, पाणी, बॅटरी. नत्थुजी अडून बसले, बियाणं आणि पितळेची भांडी टाकून येत नाही म्हणाले. मी सुचवलं, पेवात ठेवा. लगेच तयार झाले. स्वतःचं कौतुक वाटलं, हे लिहायला हवं.

१४ मार्च
पेवाच्या तोंडावरची शिळा काढली. पेवात उतरण्याआधी दोरीने कंदील सोडून पाहायचा, ही इथली रीत. तळाशी जाताच विझला. नत्थुजी म्हणाले, "दोन रोज उघडं राहू द्या म्याडम. वारा लागला का साफ होते."

१६ मार्च
आज निम्म्यातच विझला. हवा सुधारायला हवी होती. अमरावतीला फोन केला. जमिनीतून निघणारा वायू जड असतो, वास नसतो, खोलगट जागी साचतो. शिळा पुन्हा बसवली, कडा चिखलाने लिंपल्या. चिखलात बुडबुडे येत होते. नत्थुजींना ते सांगितलं नाही. का नाही सांगितलं?

१७ मार्च
शिळेजवळ मांजर मेलेलं. जखम नाही. दुर्गाबाईंचं डोकं दुखतंय. कंदील जमिनीवर ठेवला, विझला. गुडघ्याशी धरला, जळत राहिला. म्हणजे त्या झोपतात तिथेच वायू साचतोय — तीन दिवस. दोघांनी उचलून खाटेवर घेतलं. वरून पडली तं दुसरा पाय मोडन, असं भांडल्या. शेजारी हलवू म्हटलं, तर नत्थुजी म्हणाले, उद्या जायचंच आहे, एका रातीसाठी तिचे हाल काहून. मी हट्ट धरला नाही.

१८ मार्च, सकाळी साडेआठ
दोन धक्के. शिळा सरकली. कंदील आता मांडीशी विझतो. नत्थुजी खाटेखालून औषधांची पिशवी काढायला वाकले — माझ्या यादीतली — उठले नाहीत. त्यांना ओढायला मी वाकले, डोळ्यांपुढे अंधारी. सोडलं. मी सोडलं.

पावणेनऊ
अंगणात बकऱ्या आडव्या पडल्यात. पंचायतीत फोन लागला, आम्हाला न्यायला ट्रॅक्टर निघालाय म्हणतात. माडीचा जिना दहा पावलांवर. दुर्गाबाई म्हणतात, "तू जाय वर, बाई." जाऊ शकते. पण पेव उघडायला मीच —
खाटेवर चढले. त्यांना भिंतीशी बसवलं, डोकं वर धरलं. बुढा कुठं गेला विचारतात.

नऊ
कंदील खाटेवर, दोघींच्या मधे. ट्रॅक्टरचा आवाज? की जमिनीचा —
ज्योत आखूड. दिवा काहून मिचमिचून राहिला, विचारतात. सांगितलं, तेल संपत आलं. खोटं. उचलून धरलाय. छातीशी. हनुवटीशी. हात —