दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या

अक्षू,
मी तुझ्या आईबरोबर डोळे तपासायला चालले आहे. पोहे झाकून ठेवलेत. कपाटामागे कोंबलेला तुझा फ्रॉक काढून मशीनवर ठेवलाय. "परत मशीनला हात लावणार नाही" म्हणालीस ना काल? मग खाताखाता एवढं डोळ्यांसमोर आण.

डिलाईल रोडची हीच आपली खोली, हेच मशीन. तुझ्याएवढी एक मुलगी भीमजयंतीसाठी फ्रॉक शिवतेय. कापड फुलाफुलांचं. घाईत तिने कापडाची घडी न घालताच बाह्या कापून जोडल्या आणि दोन्ही उजव्या हाताच्या झाल्या, अगदी तुझ्यासारख्या. मी ओरडले, "कापड काय झाडाला लागतं?" काल तुझ्या आईने तुला हेच ऐकवलं. शब्द माझेच होते गं. ती मुलगी कोण, ते आता कळलं असेल. मी तेव्हा ओरडायला नको होतं.

नमू, तुझी आई, मोरीत बसून पोटभर रडली. मग नाक पुसत बाहेर आली, दोन्ही बाह्या उसवल्या आणि त्यांचे दोन मोठे खिसे करून फ्रॉकला लावले. जयंतीच्या मिरवणुकीत ती खिशांत हात घालून सगळ्या पोरींच्या पुढे चालली.

आजी