अकरा तासांची खुर्ची

ता. २ जून

चि. टाचणीस,
अनेक आशीर्वाद. गिऱ्हाइकाच्या गळ्याचं माप तुला वर्षभर पाठ असतं, आजीला काय सांगायचं ते मात्र साफ विसरतेस. विमानाला नऊ तास लागतात म्हणालीस. परवा तिकीटवाली म्हणते, इकडे यायला नऊ, तिकडे जायला अकरा! शहरं जागची हललीत का? की जाताना विमान चहाला थांबतं?

मी इथे नऊ तासांचा सराव करून बसले ना! खुर्ची भिंतीला टेकवली, कमरेला मापाची टेप बांधली, पाय पसरता येऊ नयेत म्हणून पुढ्यात दुसरी खुर्ची ठेवली. वरच्या मजल्यावरचा न्हावी शेजारचा प्रवासी झाला आणि खऱ्या प्रवाशासारखा घोरला. हे पत्र लिहून देणाऱ्या तुझ्या आईने ट्रेमधून पाणी आणलं, तेही तोंड वाकडं करून. (वाकडं नव्हतं. – आई) नऊ तास कसे गेले कळलं नाही, तेव्हा अकराही बसेन. जन्मभर शिलाई मशीनवर बसलेली बाई आहे मी. तुझ्या नव्या दुकानातल्या पहिल्या कापडाला कात्री मीच लावणार. तोवर शटर उघडायचं नाही, ठरलंय ते ठरलंय.

लोभ आहेच, जरा आठवणही ठेव.
तुझी आजी

ता. क. हे माझ्या मनाने लिहितेय, आजींना वाचून दाखवणार नाही. सातव्या तासाला त्यांचे पाय इतके सुजले की चप्पल चढेना. खुर्चीतून उठवलं, तर म्हणाल्या, नऊच लिही. अकरा तास त्यांना झेपायचे नाहीत. पण ‘जाऊ नका’ असं माझ्या तोंडून निघत नाही. तूच काहीतरी कर. – आई

ता. १६ जून

ती. आजीस,
सा. न. वि. वि. चूक कबूल. अंतर तेवढंच आहे गं, पण वर वारा एकाच दिशेने वाहतो. इकडून येताना तो विमानाच्या पाठीवर असतो, तिकडून निघालं की तोंडावर. वाऱ्याला मी सांगून पाहिलं, तो तुझ्याइतकाच हट्टी निघाला.

तुझं तिकीट काढलंय, पण थेट नाही. पाच तासांवरच्या शहरात उतरायचं, दोन दिवस राहायचं, मग पुढे. तिथे अस्तराचं कापड फार छान मिळतं म्हणे, मला घ्यायचंच आहे. मी तिथे येते. पुढच्या प्रवासात शेजारी मी, त्यामुळे घोरण्याची काळजी नको. इथे टेबलावर कापड पसरून ठेवलंय. गिऱ्हाइकं शटर ठोठावून परत जातात.

रागावू नकोस, लवकर नीघ.
तुझी टाचणी

ता. ३० जून

चि. टाचणीस,
अनेक आशीर्वाद. म्हणे अस्तर! तुझ्या गल्लीत अस्तर मिळत नाही, आणि ते आणायला तू विमानाने जाणार?

मला अक्षर येत नाही, पण लांबी कळते. मागच्या पत्रात ‘तुझी आजी’ म्हणून मी थांबले, आणि तुझ्या आईचं पेन पुढे वीतभर चालतच राहिलं. विचारलं, तर म्हणाली, तारीख घालतेय. वीतभर तारीख! आता हे लिहिताना कान लाल झालेत बघ तिचे. (झालेत. – आई)

पाय सुजले होते. सांगितलं असतं तर तुम्ही मला घरी बसवून शटर उघडलं असतं, म्हणून गप्प राहिले. मधे उतरते. पण अस्तर आता खरोखर घ्यायचं, आणि रंग मी निवडणार.

कात्रीला धार लावून ठेव. माया तर काय, टपालाशिवायही पोचते.
तुझी आजी

ता. क. हेही मीच सांगतेय. मला घ्यायला येशील तेव्हा मऊ पाव आण, माझ्या दातांना तेवढाच झेपतो. आणि तुझ्या आईला आजच कडक बिस्किटं पाठव, डबाभर. चावत बसली की पेन तरी खाली ठेवेल.